युनिक्सवाला

पुण्यातील हिंजवडी, खराडी वा मगरपट्टा येथील सॉफ्टवेअर कंपन्यांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे व्यवसायविशेष स्थिरावले, त्यांपैकी प्रोग्रामर हा कौतुकाचा आणि मॅनेजर हा थट्टेचा विषय झाला. परंतु या दोघांचे काम ज्याच्या हातून प्रत्यक्ष यंत्रावर उभे राहते, तो युनिक्सवाला मात्र उपेक्षितच राहिला. कागदोपत्री त्याचे पद ‘सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर’ असे असते, मजल्यावर त्याला ‘ॲडमिन’ म्हणतात, आणि स्थळांकडे पाठवायच्या बायोडेटात तो स्वतःच ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ होतो, कारण खरे पद समजावून सांगत बसल्यास पोहे गार होतात.

त्याच्या कर्तव्यांपैकी ज्यात त्याचा स्वभाव सर्वाधिक खुलतो, ते म्हणजे युनिक्स यंत्रावर जावा टाकणे आणि त्यावर ॲप्लिकेशन सर्व्हर चढवणे. युनिक्स ही अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलेली संगणकप्रणाली. तिच्याशी व्यवहार करायचा तो चित्रांवर टिचक्या मारून नव्हे, तर आज्ञा टंकून, आणि आज्ञा यशस्वी झाली तर ती बहुधा काहीच बोलत नाही. जावा ही सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ साली जगापुढे आणलेली प्रोग्रामिंगची भाषा. ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणजे वेबवरून येणाऱ्या मागण्या स्वीकारून त्या जावा प्रोग्रामपर्यंत पोचवणारा आणि त्या प्रोग्रामसाठी डेटाबेसच्या जोडण्या, मेमरी वगैरेंची तजवीज ठेवणारा मध्यस्थ. वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस ही त्यातील मातबर नावे. टॉमकॅट हे त्या मानाने सुटसुटीत, फुकट आणि म्हणून सर्वत्र आढळणारे. टॉमकॅटला कोणी ॲप्लिकेशन सर्व्हर म्हटले, तर शुद्धिवादी शाखेचा युनिक्सवाला नाक मुरडतो, कारण त्याच्या मते तो केवळ ‘सर्व्हलेट कंटेनर’ होय. मात्र रात्री दोन वाजता तो बंद पडला, की उठवायला येतो तोही हाच.

सनने जावाची जाहिरात ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ या वचनाने केली होती आणि प्रोग्रामरने त्यावर भाबडेपणाने विश्वास ठेवला. युनिक्सवाल्याने ठेवला नाही. जावा प्रोग्राम कुठेही चालतो हे खरे, परंतु तो चालवणारे जावाचे आभासी यंत्र, ज्याला ‘जेव्हीएम’ म्हणतात, ते प्रत्येक प्रणालीसाठी निराळे असते, आणि २००० च्या आसपास ते सोलारिससाठी सनकडून, एआयएक्ससाठी आयबीएमकडून, तर एचपी-यूएक्ससाठी एचपीकडून घ्यावे लागे. म्हणजे कुठेही चालण्याची सोय आधी तिथे जाऊन कोणीतरी करून ठेवावी लागते. या ‘कोणीतरी’ नावाच्या जागेवर युनिक्सवाल्याची नेमणूक झालेली असून, वचन आणि यंत्र यांच्यातील अंतर जोवर शिल्लक आहे तोवर ही जागा रद्द होणार नाही, याची त्याला पक्की खात्री असते. संस्कृत काव्यशास्त्राची परिभाषा वापरायची, तर अविश्वास हा त्याचा स्थायीभाव होय.

इन्स्टॉलेशनच्या पुस्तिकेत हे काम अर्ध्या पानात आटोपलेले असते: फाईल उतरवा, उलगडा, जावा-होम हे चल, म्हणजे जावा कुठे ठेवला आहे त्याचा पत्ता, निश्चित करा, सर्व्हर सुरू करा. युनिक्सवाला हे पान वाचत नाही असे नाही. तो ते, शेजारच्याने बांधलेल्या घराचा नकाशा पाहावा तसा, चुका शोधण्याच्या दृष्टीने वाचतो. प्रोग्रामरने ‘मशीनवर जावा आहे’ असे ईमेलने कळवले असले, तरी तो प्रथम ‘जावा -व्हर्जन’ ही आज्ञा देतो, आणि बहुतेक वेळा त्याचा अविश्वास सार्थ ठरतो: यंत्रावर जावा असतोच, पण एक नव्हे, तीन. एक प्रणालीबरोबर आलेला, एक डेटाबेसने स्वतःपुरता आणलेला, आणि एक दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या कोणी ‘ऑप्ट’ या फोल्डरात ‘टेस्ट’ नावाने ठेवलेला. यांतला कोणता चालेल हे ‘पाथ’ या चलावर ठरते. पाथ म्हणजे आज्ञा शोधण्यासाठी कोणकोणत्या फोल्डरांत कोणत्या क्रमाने डोकवायचे याची यादी. ज्याचा क्रमांक आधी त्याचा जावा खरा, मग तो कितीही जुना असो. नवशिक्या सहकाऱ्याने या आज्ञेचे उत्तर पुराव्यादाखल फाईलमध्ये साठवायचा प्रयत्न केला, की फाईल रिकामी निघते, कारण जावा हे उत्तर नेहमीच्या वाटेने न देता चुकांसाठी राखलेल्या वाटेने देतो. हे ठाऊक असूनही युनिक्सवाला ते आधी सांगत नाही. शिक्षणाविषयीची त्याची मते काहीशी गुरुकुल पद्धतीची असतात.

त्यानंतर फाईल उलगडण्याचा विधी येतो, आणि येथे सोलारिसवर काम केलेल्या जुन्या पिढीच्या मुद्रेवर एक विशिष्ट समाधान दिसते. अनेक फायलींचे एक गाठोडे बांधणारा ‘टार’ हा प्रोग्राम प्रत्येक युनिक्सवर असतो, परंतु टॉमकॅटचे गाठोडे ग्नू प्रकल्पाच्या टारने बांधलेले असे, आणि शंभर अक्षरांहून लांब नावे बांधण्याची त्याची रीत सोलारिसच्या स्वतःच्या टारला उमगत नसे. परिणामी गाठोडे सुटे, पण अर्धवट. लांब नावांच्या काही फायली नीट उतरत नसत आणि मध्येच ‘@लाँगलिंक’ नावाची, कोणीही न मागितलेली वस्तू पडद्यावर दिसे. टॉमकॅटच्या कर्त्यांनी ही सूचना उतरवण्याच्या पानावरच दिलेली होती. ती वाचून ग्नूचा टार वापरणारा युनिक्सवाला आणि ती न वाचता दुपारभर झगडणारा प्रोग्रामर यांच्यातील फरक हा बुद्धीचा नसून केवळ तळटीप वाचण्याच्या सवयीचा आहे; परंतु पगारवाढीच्या वेळी तो नेमका उलटा मोजला जातो, ही युनिक्सवाल्याची जुनी व्यथा.

त्याच्या ज्ञानाची खरी खोली मात्र एका टिंबात दिसते. टॉमकॅट सुरू होताना, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला कोणाला ओळखता येणार नाही असा क्रमांक देता यावा म्हणून, त्याला यादृच्छिक संख्या लागतात, आणि युनिक्सच्याच धर्तीच्या लिनक्समध्ये त्या ‘डेव्ह-रँडम’ नावाच्या फाईलमधून मिळत. ही फाईल आपली यादृच्छिकता कळफलकावरील ठोके, माउसच्या हालचाली, डिस्कची धडपड अशा बेभरवशाच्या घटनांतून गोळा करते, आणि २०२० पूर्वी साठा संपला की मागणाऱ्याला निमूट थांबवून ठेवी. डेटा सेंटरमधल्या सर्व्हरला ना कळफलक, ना माउस. तेव्हा टॉमकॅट काही न बोलता मिनिटेच्या मिनिटे खोळंबून राही आणि प्रोग्रामर आपल्या कोडमध्ये दोष शोधत बसे. यावर उपाय म्हणून जावाला, कधीही न थांबवणारी ‘यूरँडम’ ही दुसरी फाईल वापरायला सांगावे, तर त्या काळचा जावा हे नाव ओळखून, अतिदक्षतेने, पुन्हा पहिल्याच फाईलकडे वळे. अखेर जाणकारांनी त्या पत्त्याच्या मध्ये एक तिरकी रेघ आणि एक टिंब घातले. युनिक्समध्ये टिंबाचा अर्थ ‘याच फोल्डरात’ असा असल्याने पत्ता तोच राही, परंतु अक्षरे बदलल्यामुळे जावाला तो ओळखू येत नसे. हे निरर्थक दिसणारे टिंब कोणी उत्साही नवागताने ‘टायपिंगची चूक’ समजून काढून टाकले, तर त्या दिवशी युनिक्सवाल्याचा जो संताप होतो, त्याला साहित्यशास्त्रात रौद्र म्हणतात.

प्रोग्रामरशी त्याचा वाद ‘माझ्या मशीनवर चालतंय’ या वाक्याने सुरू होतो आणि आकड्याने संपतो. जावाच्या प्रत्येक संकलित फाईलवर ती कोणत्या आवृत्तीसाठी बनली याचा क्रमांक कोरलेला असतो, आणि नव्या जावाने बनवलेली फाईल जुन्या जावाला दिली, की तो ‘असमर्थित आवृत्ती’ अशी तक्रार करून तो क्रमांक छापतो. पन्नास म्हणजे सहा, एक्कावन्न म्हणजे सात, बावन्न म्हणजे आठ. चव्वेचाळीस वजा करावेत, हा हिशेब युनिक्सवाला पाढ्यासारखा तोंडपाठ ठेवतो आणि प्रोग्रामरचे बोलणे पुरते ऐकूनही न घेता ‘तुझं बावन्न आहे, इथे सात आहे’ एवढेच म्हणून चहाला निघून जातो. या वाक्याचा अर्थ प्रोग्रामरला चहाहून तो परत येईपर्यंत लागतो, असा अनुभव आहे.

त्याच्या भाषेचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. सर्व्हर बंद होत नाही, तो पडतो. सुरू केला जात नाही, उठवला जातो. आणि हट्टी झाला तर मारला जातो. युनिक्समध्ये चालू प्रोग्रामला प्रोसेस म्हणतात, एका प्रोसेसने जन्म दिलेल्या दुसऱ्या प्रोसेसला तिचे मूल, आणि प्रोसेस थांबवण्याच्या आज्ञेला ‘किल’. किलला पंधरा हा आकडा दिला तर ती विनंती असते, जी प्रोसेस ऐकेल किंवा न ऐकेल. नऊ दिला तर प्रोसेसला विचारलेच जात नाही. ही परिभाषा कार्यालयात निरुपद्रवी वाटते, परंतु मंगल कार्यालयात, अक्षता पडण्याच्या सुमारास, खांबाआड उभा असलेला एखादा सालस दिसणारा तरुण फोनवर ‘आधी पंधराने मार, नाही मेला तर नऊने, आणि मुलं राहिली असतील तर तीही संपव’ असे शांतपणे सांगताना आढळला, की वधूपक्षाकडील वडीलधाऱ्यांना वरपक्षाची चौकशी पुरेशी झाली होती का, याविषयी शंका येऊ लागते.

त्याचे कौटुंबिक जीवन अमेरिकेच्या घड्याळावर चालते. बदल करण्यासाठी ग्राहकाने ठरवून दिलेल्या वेळेला ‘चेंज विंडो’ म्हणतात; ती ग्राहकाच्या शनिवारी रात्री उघडते, म्हणजे पुण्यात रविवारी सकाळी, नेमकी घरी मटण शिजत असताना. सणांपैकी खंडेनवमीला तो मनापासून उपस्थित असतो, कारण त्या दिवशी सर्व्हरच्या रॅकची पूजा होते. परंतु भक्तीतही त्याचा अविश्वास सुटत नाही. उदबत्ती दाराबाहेर लावावी, कारण आतल्या धूरशोधकाला भक्ती कळत नाही. कुंकवाचे बोट रॅकच्या चौकटीलाच लागावे, हवा खेचणाऱ्या जाळीला नव्हे. झेंडूचा हार पंख्यापासून दूर असावा. आणि फुलाने पाणी शिंपडण्याचा आग्रह धरणाऱ्या एचआरच्या मॅडमना गोड बोलून प्रसादाच्या टेबलाकडे वळवावे, ही पथ्ये तो स्वतः जातीने पाळून घेतो.

नवी आवृत्ती टाळण्याची त्याची वृत्ती कंपनीत चेष्टेचा विषय असते, आणि ‘चाललंय ते हलवू नका’ हे त्याचे उत्तर आळसाचे लक्षण मानले जाते. डिसेंबर २०२१ मध्ये काही दिवसांपुरते हे मत बदलले. जावा प्रोग्रामांच्या नोंदी लिहिणाऱ्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘लॉग४जे’ या संचाच्या दुसऱ्या मालिकेत असा दोष उघडकीस आला, की विशिष्ट मजकूर केवळ नोंदला गेला तरी सर्व्हर बाहेरून परका कोड आणून चालवू शकत होता. गांभीर्याच्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा गुण मिळाले. कोणत्या यंत्रावर कोणता जावा आणि कोणता संच आहे, हे त्या आठवड्यात वरपासून खालपर्यंत सगळे विचारू लागले, आणि ते फक्त युनिक्सवाल्याच्या एका जुन्या एक्सेल तक्त्यात होते. त्यातही ज्या सर्व्हरांवर त्याने वर्षानुवर्षे पहिली मालिका तशीच ठेवली होती, ते या दोषातून सुटले. पहिल्या मालिकेची देखभाल २०१५ सालीच बंद झाली होती आणि ती ठेवणे हा स्वतंत्र अपराध होता, ही गोष्ट त्याने त्या बैठकीत आवर्जून सांगितली असेल, असे मानायला आधार नाही.

आता डॉकरचा काळ आला आहे. डॉकरमध्ये प्रोग्राम, त्याचा जावा आणि त्याचा सर्व्हर हे सारे एकाच डब्यात भरून, तो डबा जसाच्या तसा कुठल्याही लिनक्स यंत्रावर चालवतात, आणि युनिक्सवाल्याचे सारे विधी एका फाईलच्या पाच-सहा ओळींत मावतात. त्यामुळे त्याला सन्मानाने दुसऱ्या प्रकल्पावर हलवण्याचा निर्णय होतो आणि उरलेल्या जुन्या सर्व्हरांसाठी ‘केटी’, म्हणजे ज्ञानहस्तांतर, ठेवले जाते. दोन आठवड्यांच्या या सोहळ्यातून तो जो दस्तऐवज तयार करतो, त्यात पहिल्या सहा पायऱ्या अत्यंत तपशीलवार असून सातव्या पायरीवर ‘पुढे नेहमीप्रमाणे’ एवढाच मजकूर असतो. हा लबाडीचा प्रकार आहे असे टीकाकार म्हणतात. खरे तर ‘नेहमीप्रमाणे’ म्हणजे काय, हे त्याच्या बोटांना ठाऊक असते आणि त्याला स्वतःला आठवत नाही.

त्या सातव्या पायरीत दडलेली गोष्ट अशी की, टॉमकॅट मूळ प्रशासक असलेल्या ‘रूट’च्या नावाने चालवायचा नसतो, म्हणून आधी ‘एसयू’ या आज्ञेने टॉमकॅटचा स्वतंत्र वापरकर्ता व्हावे लागते. एसयूनंतर एक डॅश दिला, तर त्या वापरकर्त्याची सगळी चले, जावा-होमसकट, नव्याने भरली जातात. डॅश विसरला, तर नाव तेवढे बदलते आणि चले आधीच्या माणसाचीच राहतात. पहिल्याच रविवारी नव्या गड्याचा फोन येतो: ‘सर, सगळं तसंच केलंय, पण सर्व्हर उठत नाहीये, जुनाच जावा घेतोय.’ पलीकडून भांड्यांचे आवाज येतात, थोडा वेळ कोणी बोलत नाही, आणि मग अतिशय प्रसन्न स्वरात विचारणा होते: ‘डॅश दिला होतास का रे?’