सांगलीची टेप, शिकागोचा व्हीसीआर

जुलै २०१६मध्ये फुनाई या जपानी कंपनीने व्हीसीआर बनवणं बंद केलं. नवा व्हीसीआर बनवणारी जगातली ती शेवटची कंपनी. आमच्या ह्यांनी ही बातमी जेवताना वाचून दाखवली आणि हातातला घास तसाच धरून म्हणाले, "म्हणजे आता जे मिळेल ते सेकंडहँडच." शिकागोच्या उपनगरात एवढी वर्षं काढली, पण ह्यांनी जुनी गाडी कधी दारात उभी केली नाही. जुने व्हीसीआर मात्र आता बेसमेंटमध्ये ओळीने बसलेत आणि प्रत्येकाचा पूर्वेतिहास ह्यांना तोंडपाठ आहे.

मूळ आहे दोन खोक्यांत. एकात आम्ही इथे काढलेल्या टेपा: लेकीचं बारसं, मंडळाचा गणपती, नायगारा. दुसऱ्यात सांगलीहून आलेल्या: भाऊजींचं लग्न, मामंजींची पंचाहत्तरी. इथल्या एनटीएससी, तिथल्या पॅल. अमेरिकेतलं चित्र ५२५ रेघांचं, सेकंदाला जवळजवळ ३० फ्रेमचं. भारतातलं ६२५ रेघांचं, २५ फ्रेमचं. एकाची टेप दुसऱ्याच्या यंत्राला पचत नाही. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाची टेप आम्ही हौसेने सांगलीला पाठवली, तर सासूबाईंना नात दिसली ती काळीपांढरी आणि वरून खाली गडगडत जाणारी. त्यांनी उलट टपाली अंगारा पाठवला.

व्हीएचएसची टेप नेहमीच्या वेगाने अमेरिकेत सेकंदाला ३३ मिलिमीटर पळते आणि भारतात २३, हेही मला याच प्रकरणात कळलं. इथे आल्यावर सगळ्यांचंच तसं होतं, असं मी म्हटलं. हे म्हणाले, हा चेष्टेचा विषय नाही.

लेकीचा सल्ला सरळ होता: "आई, सगळं एका खोक्यात भर, कंपनीकडे पाठव, पेनड्राइव्हवर परत येईल." ह्यांना टपालखात्याच्या हाती लग्नं सोपवायची नव्हती. मी लायब्ररी सुचवली. वॉशिंग्टनच्या पब्लिक लायब्ररीने २०१६मध्येच 'मेमरी लॅब' काढली. आपण आपल्या टेपा घेऊन जायचं, यंत्रं त्यांची, तीही फुकट. अशी सोय आता इतरही लायब्रऱ्यांत असते. 'फुकट' या शब्दाला हे एरवी चटकन ओ देतात. या वेळी म्हणाले, "तिथे ठरावीक वेळ मिळतो. तो तर हेड साफ करण्यातच जाईल."

मग जावयाने ह्यांच्या वाढदिवसाला यूएसबीचं एक डबडं आणलं. एका टोकाला व्हीसीआर, दुसऱ्या टोकाला लॅपटॉप. जावयाचा आहेर, नावं ठेवायची सोय नाही. बारशाची टेप लावली. पाळणा सुरू झाला आणि पडदा काळा. खाली निरोप: हा मजकूर कॉपी करण्यास मनाई आहे.

सिनेमाच्या टेपांची कुणी नक्कल करू नये म्हणून त्यांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम एक गडबड घातलेली असे, तिचं नाव मॅक्रोव्हिजन. घरगुती टेप जुनी झाली की तिचा सिग्नल आपसूक डगमगतो आणि बिचाऱ्या डबड्याला वाटतं, हीच ती गडबड. थोडक्यात, माझ्या आईने म्हटलेला पाळणा चोरीचा आहे असा त्याचा दावा होता. पाळणा तर तिचा स्वतःचा होता.

यावर उतारा टीबीसी, म्हणजे टाइम बेस करेक्टर. टेप ताणली जाते, मोटर अडखळते, मग चित्राची प्रत्येक रेघ आपल्या मर्जीने उगवते. टीबीसी तिला वेळेवर हजर करतो. हे ऐकून मला पहिला विचार आला तो मंडळाच्या कार्यक्रमांचा. पण तसला मिळत नाही. जे मिळतात ते दोन प्रकारचे: रेघा सरळ करणारा चांगल्या एस-व्हीएचएस व्हीसीआरच्या पोटातच असतो, अख्खी फ्रेम ताळ्यावर आणणारा वेगळा खोका घ्यावा लागतो. ह्यांना अर्थातच दोन्ही हवे होते.

व्हीसीआर कुठला, यावर मित्रमंडळींत दोन पंथ पडले, जेव्हीसी आणि पॅनासॉनिक. निकाल लागला तो आमच्याच काटकसरीमुळे. टी-१२० टेपवर एसपी वेगाने दोन तास मावतात, ईपी वेगाने सहा. त्या काळी इथे आलेल्या कुठल्या मराठी माणसाने दोन तासांवर बोट ठेवलं असेल? पण सहा तास मावायचे तर चित्राची पट्टी ५८ मायक्रॉनवरून १९वर येते आणि एवढी बारीक पट्टी वाचताना भल्याभल्या यंत्रांची फे फे उडते. पॅनासॉनिकचा एजी-१९८० ती वाचतो, अशी त्याची ख्याती. म्हणून तो आला, जुना असून काहीशे डॉलर मोजून. टेपांवर वाचवलेले पैसे असे सव्याज फिटले.

पॅलचं काय? शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर २२० व्होल्टची आणि मल्टिसिस्टिम यंत्रं विकणारी दुकानं होती. पॅल टेप आत घातली की एनटीएससी चित्र बाहेर काढणारेही व्हीसीआर निघाले होते. पण २५ फ्रेमचे ३० करायचे म्हणजे पाच कुठून तरी पैदा करावे लागतात. ह्यांना भेसळ मंजूर नव्हती. अखेर सांगलीच्या माळ्यावरचा अकाई खाली उतरला. जाऊबाईंनी तो आपल्या जुन्या इरकलीत गुंडाळून दिला. इथल्या विमानतळावर तपासणीतल्या कोवळ्या पोराने इरकल उलगडली आणि आतलं यंत्र बघून आपल्या साहेबाला हाक मारली. साहेब ह्यांच्या वयाचे निघाले. दोघं हेड साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल बरं की क्लीनिंग कॅसेट, यावर बोलत राहिले. मागे रांग वाढत होती, मी इरकलीची घडी घालत होते.

अकाईला वीटभर वजनाचा ट्रान्सफॉर्मर जोडला, पिवळ्या वायरीऐवजी पॅनासॉनिकला एस-व्हिडिओची वायर लावली आणि एकदाच्या टेपा धावू लागल्या. चित्र खरोखर सुरेख आलं. त्यात माणसं मात्र फार नाहीत. कॅमेरा ह्यांच्या हातात असायचा आणि ह्यांना सांगलीला अमेरिका दाखवायची होती. म्हणून लेकीचं रांगणं अर्ध्यावर सोडून कॅमेरा डिशवॉशरकडे वळतो, मग गराजच्या आपोआप उघडणाऱ्या दाराकडे, मग फ्रीजकडे. फ्रीजवर तो बराच वेळ थांबतो. ह्यांचा आवाज येतो, "आता पेला लावला की बर्फ पडेल." पेला पुढे येतो. बर्फ पडत नाही. "अगं, दाब ना नीट!" मी दाबते. कडेला पोर रडतंय, आणि बर्फाचा एक खडा पेला चुकवून फरशीवर.

हे सगळं आता एका तासाला तीसेक जीबी, रतीभरही न गमावता, दोन हार्ड डिस्कवर ठेवलंय. सांगलीला पाठवायची वेळ आली तेव्हा भाऊजी म्हणाले, "एवढं कशाला? व्हॉट्सॲपवर टाक की दादा." ह्यांनी फ्रीजचा तुकडा टाकला. तो दबून-चेपून बोटाएवढा झाला आणि भाऊजींनी एसटीत बसून फोनवर बघितला.

लगेच उत्तर आलं: "फ्रीज अजून चालतो का?"

चालतो. बेसमेंटमध्येच आहे. अकाई त्याच्यावरच ठेवलाय.