पार्टी निंगाली हाय

पातूरच्या बसस्टँडसमोरच्या टपरीवर, पांढऱ्या शर्टाच्या खिशात चार सातबारे कोंबून, मोबाइलवर "पार्टी निंगाली हाय" असं ओरडणारा गृहस्थ दिसला की नाव विचारायची गरज नाही. ते भाऊ. धंदा विचारला तर म्हणतील, "आपलं असंच, मधात."

भाऊंच्या जगात माणसं नाहीत, पार्ट्या आहेत. अकोल्याहून आलेगावकडचं वावर पाहायला येते ती घेणारी पार्टी. विहिरीत हिस्सा सांगत उभा राहणारा चुलता, आडवी पार्टी. औषधाच्या ठोक व्यापाऱ्याची पार्टी म्हणजे उधारी थकवणारा दुकानदार. लग्नसराईत पोरीवाल्यांची पार्टी आणि बँड पार्टी या दोघींची बोलणी भाऊच करतात, आणि कटकट बँडचीच कमी असते म्हणतात. जुगारावर पोलीस पार्टी आली, की भाऊ मात्र तडक मेडशीच्या रस्त्याला घाटात हवा खायला जातात.

राजकारणातल्या पार्टीचाही त्यांनी धंद्यालाच उपयोग केला. पातूर बाळापूर मतदारसंघात येतं. 2022च्या जूनमध्ये शिवसेना फुटली तेव्हा इथले आमदार नितीन देशमुख सुरतेपर्यंत जाऊन उद्धव ठाकऱ्यांकडे परत आले. तेव्हापासून विकणारा अधीर झाला की भाऊंचं ठरलेलं उत्तर असतं, "पार्टी सुरतवरून वापस येते बाप्पा, आपली तं अकोल्यालेच गेली हाय!"

सौदा जुळला की खरी पार्टी वावरात. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे भाऊ स्वतः फडक्यात घोळून राख झटकतात, अंगठ्यानं फोडून पदर मोकळे करतात, त्यावर तुपाची धार, शेजारी वांग्याची झणझणीत भाजी. कोणाच्या पत्रावळीवर धार जास्त वेळ थांबली, त्यावरून टक्का कोणी जास्त कबूल केला ते जाणकाराला कळतं. (मला दोनदा कोरडाच रोडगा मिळाला. मी वावर घेत नाही, विकत नाही.)

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मात्र भाऊंची पंचाईत होते. तिथल्या कागदावर पार्टीच नसते. एक 'लिहून देणार', एक 'लिहून घेणार', मग चतुःसीमा. भाऊ सापडतात ते पार शेवटी, ओळख पटवणाऱ्यांत. दोन्हीकडून दोन-दोन टक्के घेणारा माणूस सरकारदरबारी नुसता ओळखीचा!

आता त्यांच्याच घरच्या वाटणीचा दावा कोर्टात गेलाय. वकिलांनी समजावलं, "भाऊ, या केसमध्ये पार्टी तुम्हीच."

"अन् समोरची?"

"तुमचे सख्खे भाऊ."

भाऊंनी खिशातला सातबारा काढला, उलटापालटा करून पाहिला.

"म्हंजे देनारी बी घरची, घेनारी बी घरचीच. मंग मधात कोन हाय, वकीलसाहेब?"

वकिलांनी स्वतःकडे बोट दाखवलं.

"किती टक्के?" भाऊंनी विचारलं.