पित्त, गुडघा आणि कोजागिरी

कॉलेजात आमची नावं वेगळी होती. आता आम्ही एकमेकींना आजारांवरून ओळखतो. गुडघा नागपूरला असते, थायरॉइड भंडाऱ्याला, बीपी पवनीजवळच्या एका गावात शेती आणि सासू सांभाळते, आणि मी पुण्याची पित्त. ही नावं कुणी ठरवून ठेवली नाहीत. फोनवर "कशी आहेस वं?" असं विचारल्यावर बाई ज्या अवयवापासून सुरुवात करते, तोच तिला चिकटतो. नवरे, मुलं, सुना, नातवंडं नंतर येतात, आणि तीही आजाराच्या वाटेनंच. गुडघ्याच्या मुलानं लिफ्टवाल्या इमारतीत फ्लॅट घेतला ही बातमी आम्हांला तिच्या एक्सरेतून कळली. तो फ्लॅट सासूसाठी नसून सुनेच्या आईसाठी आहे, ही बातमी झोपेच्या गोळीतून.

यंदा बीपीनं फर्मान काढलं : कोजागिरी माझ्याकडे. नवरे आणायचे नाहीत.

शरद ऋतूत माझ्यासारखीनं घर सोडू नये, असं माझं पक्कं मत आहे. पावसाळाभर अंगात साठलेलं पित्त शरदाचं ऊन लागताच उसळतं, असं आयुर्वेद सांगतो, आणि माझ्याइतका आज्ञाधारक नमुना आयुर्वेदाला मिळणार नाही. शरदाला वैद्यांची आई म्हणणारे आपलेच पूर्वज आणि शंभर शरद जग असा आशीर्वाद देणारेही तेच. शंभर वसंत द्यायला काय हरकत होती? पण बोलावणं बीपीचं. ते मोडलं तर तिचा वरचा आकडा किती गेला हे ती वर्षभर ऐकवेल. मी बॅग भरली. अर्धी औषधांनी भरली तेव्हा नवरा म्हणाला, "कोजागिरीला चाललीस की दवाखाना टाकायला?"

रेल्वेनं 'भंडारा रोड'ला उतरलं की भंडारा येत नाही, वरठी येते. भंडारा तिथून पुढे. थायरॉइड गाडी घेऊन हजर होती, गुडघा पुढच्या सीटवर पाय लांब करून. थायरॉइडमुळे आपलं सगळं मंदावलंय, असं थायरॉइड सांगते. तिच्या गाडीला हे कुणी सांगितलेलं नाही. पहेला गेलं, अड्याळ गेलं, आणि मी डोळे उघडले तेव्हा दोन्ही बाजूंना बांध्याच बांध्या. हलका धान पिवळा पडलेला, भारी अजून हिरवा, धुऱ्यावर तूर. एका तलावाच्या पाळीवर बाया उकडलेले शिंगाडे विकत बसल्या होत्या. ते पित्ताला चांगले की वाईट, यावर तिघींची तीन मतं पडली. निकाल लागेपर्यंत मी कागदातले संपवले.

स्थळदर्शन एका दुपारी उरकलं. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खननात मोठा बौद्ध स्तूप सापडला. गुडघ्यानं तो टेकडीच्या पायथ्याशी, गाडीत बसून पाहिला. मग गोसेखुर्द. तेहतीस दरवाजे, अफाट पाणी, आणि पाण्याखाली गेलेल्या गावांची नावं थायरॉइडला पाठ, कारण त्यातल्या एकात तिचं आजोळ होतं. धरणाची पायाभरणी १९८८ची, माझं लग्नही त्याच साली झालं. दोन्हींची किरकोळ कामं अजून चालू आहेत.

आता कोजागिरी.

बीपीच्या घरावर नवा स्लॅब पडलाय. तिथं चटया टाकल्या, शेगडीवर मोठं गंज चढवलं. दूध आटू लागलं, वेलदोड्याचा वास सुटला. बीपी म्हणाली, "पाय बरं, चंद्र कसा निंगला!" चंद्र खरोखरच निघाला होता, पण त्याच्याकडे पाहायला कुणाला फुरसत नव्हती, कारण खांबावरच्या बल्बकडे हिरवे तुडतुडे निघाले होते. धानाच्या मुलखात या दिवसांत संध्याकाळी दिवा लावला की ते शेतातून थेट दिव्यावर येतात आणि तिथून केसांत, ब्लाउजात, चहात. दुधात पडणार हे उघड होतं. बीपीनं स्लॅबवरचा दिवा घालवला, जिन्यातला घालवला, अंगणातलाही घालवला. गल्लीतल्या शहाण्या बायांनी आधीच तेच केलं होतं. सगळं गाव चांदण्यात, आणि आम्ही अंधारात कुणाची सून किती वाजता उठते यावर.

रात्री उशिरा खाली फाटक वाजलं. मग बॅटरीचा झोत जिन्यावर. मग बुटांचा आवाज, एकापेक्षा जास्त माणसांचा.

या रात्री लक्ष्मी दारोदार फिरते आणि कोण जागं आहे असं विचारते, हे लहानपणापासून ऐकलंय. ती बूट घालते असं कुणी सांगितलं नव्हतं. गळ्यातली पोत मी पदराखाली ढकलली. थायरॉइडनं झारा उचलला. आणि गुडघा किंचाळली. "चोऽऽर!" जी बाई दुपारी टेकडी चढायला तयार नव्हती, ती स्लॅबच्या कठड्यापर्यंत धावत गेली आणि तिथून सगळ्या गल्लीला उद्देशून पुन्हा किंचाळली.

"अवं बाई, मी आशा! काऊन वरडून रायल्या?" बॅटरीमागून आवाज आला. गावची आशाताई. तिच्यामागे हातात पेटी घेतलेला एक पोरगेला आरोग्यसेवक, एकदम भिंतीला चिकटलेला. "आमी हत्तीरोगवाले आहो," तो झाऱ्याकडे बघत म्हणाला.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात हत्तीरोग जुना मुक्कामी आहे. त्याच्या जंतांची पिल्लं दिवसा फुप्फुसांकडच्या खोल रक्तवाहिन्यांत दडतात आणि रात्री दहाच्या पुढे कातडीजवळच्या रक्तात फिरायला निघतात, कारण क्युलेक्स डास रात्री चावतो आणि त्यांना त्याच्यातून पुढच्या माणसाकडे जायचं असतं. म्हणून रक्तही रात्रीच घ्यावं लागतं. एरवी लोक दार उघडत नाहीत, उघडलं तरी बोट देत नाहीत. कोजागिरीला गाव जागं असतं म्हणून आजचा दिवस धरला, असं तो पोरगा सांगत होता. तोवर गुडघ्याच्या आरोळीनं अख्खी गल्ली काठ्या, विळे आणि एक पाण्याचा पाइप घेऊन फाटकाशी जमली होती. पोराचे डोळे चकाकले. एवढे लोक त्याला एका जागी कधीच मिळाले नव्हते.

"आलेच आहात तर रांगेत या," तो म्हणाला. काठ्या भिंतीला टेकवून गल्ली रांगेत आली.

आणि काचपट्टीवर रक्ताचा थेंब नीट घ्यायला उजेड लागतो, म्हणून त्यानं बल्ब लावला.

दुधाचं पुढे काय झालं, ते मी जास्त सांगत नाही. तुडतुड्यांनी आपलं काम चोख केलं.

माझी पाळी आली तेव्हा मी शांतपणे म्हटलं, "मी पुण्याची आहे."

"मावशी, डास पत्ता विचारत नाही. जन्म कुठला?"

"भंडारा."

"बोट द्या."

टोचलं, रक्त येईना. दाबलं, येईना. "हात गार पडला, भेल्या का मावशी?" मी सांगायला गेले की हे पित्तामुळे होतं, शरदात असं होतं, पण मागची एक बाई म्हणाली, "लवकर द्या बाई, आमचं दूध उतू जाते." त्या शब्दांनी म्हणा की लाजेनं, थेंब आला. नेमकं तेव्हाच माझ्या डोळ्यांपुढे चांदणं जास्त झालं आणि मी चटईवर आडवी झाले. गल्लीनं पाइपातलं पाणी माझ्या तोंडावर मारलं. चोरासाठी आणलेला पाइप कामी आला, याचं गल्लीला समाधान वाटलं.

पेटी घेऊन पोरगा खाली गेला, छपरीत, बीपीच्या सासूकडे. मला चक्कर आल्यामुळे खालीच पाठवलेलं होतं. आजी खाटेवर बसल्या होत्या. दिवसभर मी त्यांना तसंच पाहिलं होतं, लुगडं घोट्याच्याही खाली ओढलेलं. पोराला बसायला जागा करताना त्या सरकल्या आणि काठ वर गेला. उजवा पाय गुडघ्यापासून बोटांपर्यंत सारखाच जाड, कातडी काळपट, घड्या पडलेली.

"माह्या रक्तात आता काय भेटते बाबू," आजी म्हणाल्या. "पोरींचं घ्या."

पहिल्या बाळंतपणानंतर पाय सुजायला लागला. गावदेवाला कोंबडं झालं, झाडपाला झाला. देशात १९५५ साली हत्तीरोगाचा कार्यक्रम सुरू झाला होता म्हणे. त्यांच्या अंगणात तो पोचला तेव्हा उशीर झालेला होता. भाचीच्या लग्नाला त्या गेल्या नाहीत, चप्पल मिळत नव्हती म्हणून. खाटेखाली टब, मग, साबण आणि टॉवेल ठेवलेले होते, आरोग्य खात्यानं दिलेले. बीपी खाली आली, मांडी घालून बसली आणि बोलता बोलता तो पाय टबात घेतला. साबण लावला, धुतला, मग एकेका बोटाच्या बेचकीत मऊ फडकं घालून कोरडा केला. ओल राहिली की ताप येतो, म्हणाली. हे ती रोज झोपण्याआधी करते. किती वर्षं, ते मी विचारलं नाही. तिच्या वरच्या आणि खालच्या आकड्यांचा मला आठवड्याचा हिशेब माहीत आहे. या पायाचं तिनं फोनवर कधी नाव काढलं नव्हतं.

पुण्यात एका सुशिक्षित गृहस्थांनी मला ऐकवलं होतं, हत्तीपाय वगैरे आता कुठं राहिलंय, पाठ्यपुस्तकातला रोग तो. त्यांना त्या रात्री खाटेजवळ बसवायला हवं होतं. बल्बच्या बरोबर खाली.

वरून गुडघ्याच्या हाका येत होत्या. तिनं दूध धोतराच्या फडक्यातून गाळलं होतं आणि गल्लीला वाटत होती. तुडतुडे धानच खाऊन वाढलेले असतात, शाकाहारी आहेत, असं तिचं म्हणणं. गल्लीनं ते मान्य केलं. आरोग्यसेवकानं दोन पेले घेतले. मी पित्ताचं कारण सांगितलं. पित्तावर कोजागिरीचं दूध हेच तर औषध, असं मला जवळपास सगळ्यांनी सांगितलं, आजींनीही. शेवटी प्याले. बरं लागलं. चारोळी कोणती आणि बाकी काय, याचा शोध मी घेतला नाही.

सकाळी निघताना आजींनी आम्हांला रांगेत उभं केलं आणि परीक्षा घेतली. दरवर्षी हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला येतात, त्या वाटणाऱ्याच्या पुढ्यात, जेवून खायच्या असतात. "खाल्ल्या का?" मी पुण्याची म्हणून सुटले. गुडघा म्हणाली खाल्ल्या, आणि तिला कोणती तरी गोळी खायची राहिली असेल यावर माझा विश्वासच नाही. थायरॉइड म्हणाली, "हो तर!" आणि लगेच गाडीची किल्ली शोधू लागली.

गावाबाहेर एका बांधीत हलक्या धानाची कापणी सुरू झाली होती. कडपा ओळीनं पडलेल्या. आभाळ भरून आलेलं पाहून गुडघा म्हणाली, आता पाऊस नको रे बाप्पा. थायरॉइड मात्र अड्याळपर्यंत काही बोलली नाही, आणि गाडीही हळू चालवत होती, म्हणून मला काळजी वाटली.

"फ्रिजवर हायेत," ती एकदम म्हणाली.

"काय?"

"गोळ्या. त्यांच्यापुढं तोंडात टाकल्या, मंग काढून ठेवल्या. दोन वर्षांच्या जमल्या."

गुडघ्यानं मान वळवली. "एक्स्पायरी पाहिली का वं?"