घरपोच जप्ती

हप्ते थकलेल्या घराचा ताबा घेतल्याची नोटीस कुठे चिकटवावी, याचा विचार बँकांना न्यायालयात न जाता वसुली करू देणाऱ्या 2002 च्या सरफेसी कायद्याखालच्या नियमांत फार मायेने केलेला आहे. बाहेरच्या दारावर, नाहीतर ठळक दिसेल अशा जागी. शिवाय सात दिवसांत दोन वृत्तपत्रांत, त्यांतले एक स्थानिक भाषेतले. नांदेडचा तरोडा नाका असो की लातूरचा औसा रोड, अमक्याच्या घरावर टाच आल्याचे गल्लीला सकाळच्या चहाबरोबर मराठीतून कळते, तेही चतुःसीमेसह. 'पूर्वेस' ज्याचे घर, त्याचे नाव फुकटात छापून येते.

कर्जदाराला मात्र काही सांगायचे असेल तर त्याने प्रवासाची तयारी ठेवावी. आधीच्या 60 दिवसांच्या नोटिशीवर हरकत घेता येते, तिला 15 दिवसांत उत्तरही मिळते. पण उत्तर देणार बँकच, आणि ते पटले नाही म्हणून त्या टप्प्यावर कुठे दाद मागता येत नाही. ताबा गेला की 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जायचे, तेही छत्रपती संभाजीनगरला, अडीचशे किलोमीटरवर. गावातल्या दिवाणी न्यायालयाला कलम 34 ने यात पडायचीच बंदी केली आहे. चिकटवणारा गावातला, ताब्यासाठी बंदोबस्त देणारे जिल्हा प्रशासन गावातले. ऐकून घेणारा तेवढा परगावी! यावर म्हणतात, बँकेतला पैसा ठेवीदारांचा असतो. असतोच, आणि 2002 पूर्वी वसुलीचे दावे वर्षानुवर्षे कुजत पडत, हेही खरे. पण बँकेविरुद्धच्या अर्जाचा निकाल लातुरात बसून दिला तर ठेवीदाराचे काय बुडणार आहे? दुसरे म्हणतात, हल्ली अर्ज ऑनलाइन भरता येतो. मग नोटीसही ऑनलाइन चिकटवा की, दाराला खळ कशाला फासता? हे झाले अंतराचे, आता पैशाचे. सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली, न्यायाधिकरणात जाण्याआधी 75 टक्के रक्कम भरण्याची अट रद्द केली. त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला आणि वरच्या अपिलाला 50 टक्क्यांची अट आली. ते अपील मुंबईला! ज्याला हप्ता झेपला नाही म्हणून घर गेले, त्याने निम्मे कर्ज रोख मोजून मग सांगायचे की माझे चुकीने गेले. अगदीच गयावया केली तर 25 टक्क्यांवर भागते, त्याखाली उतरायची सोय कायद्यातच नाही. हा कायदा लिहिणाऱ्याने कधी पगाराची तारीख मोजली होती का? आणि एवढी रक्कम उभी करायची तर तारणाला काय ठेवायचे, तेवढे त्याच जाहिरातीत चतुःसीमेखाली छापावे.