कूपे निवडावी कशी: व्यवहारी गृहस्थासाठी मार्गदर्शन

हे मार्गदर्शन न्यू जर्सीत राहणाऱ्या, घराचे हप्ते वेळेवर भरणाऱ्या, दोन मुलांच्या बापासाठी आहे. एच-१बीवर असलेल्यांनीही वाचायला हरकत नाही. कृती ग्रीन कार्ड हातात आल्यावर करावी, म्हणजे विचाराला भरपूर वेळ मिळतो.

प्रश्न असा: टोयोटा जीआर८६ घ्यावी की सुबारू बीआरझेड? मुळात यांपैकी एखादी घ्यावीच का, हा प्रश्न घरातले इतर लोक विचारतील. आपण त्यात वेळ दवडू नये.

पायरी १: दोन्ही गाड्या वेगळ्या आहेत असे मानणे

ही सर्वांत अवघड पायरी. दोन्ही गाड्या जपानच्या गुन्मा प्रांतात, ओता इथल्या सुबारूच्या एकाच कारखान्यात तयार होतात. सुबारूमध्ये टोयोटाचा सुमारे २० टक्के हिस्सा आहे. दोघींत तेच २.४ लिटरचे चार सिलिंडरचे बॉक्सर इंजिन, तीच २२८ अश्वशक्ती, तोच २५० न्यूटन-मीटर टॉर्क. २०२२ च्या मॉडेलची सुरुवातीची किंमत दोघींचीही २८ हजार डॉलरच्या आत होती आणि दोन किमतींत तीनशे डॉलरचाही फरक नव्हता. पुढचा बंपर चादरीने झाकला तर शेजारी सोडाच, मालकही चुकीच्या गाडीला किल्ली दाखवील.

तरीही फरक आहेत आणि ते जिवापाड जपावेत, कारण पुढचे सहा महिने त्यांच्यावरच काढायचे आहेत. सुबारूने पुढच्या स्प्रिंगा जास्त कडक ठेवल्या, टोयोटाने मागच्या. त्यामुळे वळणावर बीआरझेड रस्ता धरून राहते, तर जीआर८६ शेपूट फिरवायला निमित्तच शोधत असते. पुढच्या चाकांचे नकल सुबारूत ॲल्युमिनियमचे, टोयोटात ओतीव लोखंडाचे. हे शेवटचे वाक्य पाठ करावे आणि महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात एकदा तरी म्हणावे. कुणी ‘म्हणजे काय?’ असे विचारलेच तर ‘अनस्प्रंग वेट’ एवढे बोलून बटाटेवडा आणायला उठावे.

पायरी २: परफॉर्मन्स तपासणे

शून्यापासून ताशी ६० मैलांना मॅन्युअल जीआर८६ टोयोटाच्याच आकड्यानुसार ६.१ सेकंद घेते. समोरच्या घरातल्या आजोबांची साधी टेस्ला मॉडेल ३ तिच्या कंपनीच्या आकड्यानुसार ५.८ सेकंद घेते, आणि तेवढ्यात आजोबांची आरती अर्ध्यावरही येत नाही. तेव्हा सरळ रस्त्यावरच्या वेगाचा विषय आपणहून काढू नये.

बोलावे ते वळणांबद्दल, आणि इथे मात्र बोलण्यासारखे खरोखर काही आहे. बॉक्सर इंजिनात पिस्टन आडवे, समोरासमोर धावतात. त्यामुळे इंजिन बसके होते आणि गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो. वजन सुमारे १,२८० किलो, म्हणजे हल्लीच्या मानाने अंगावर मांसच नाही. स्टिअरिंग वळवताच नाक वळते, मध्ये कुणाची परवानगी काढावी लागत नाही. न्यू जर्सीच्या राज्यकर्त्यांनी तर ही गाडी डोळ्यांपुढे ठेवूनच रस्ते आखले असावेत: इथे डावीकडे जायचे असेल तर अनेक चौकांत आधी उजवीकडच्या फाट्याला लागून वळसा घ्यावा लागतो. त्याला ‘जगहँडल’ म्हणतात. इतर चालक त्याला शिव्या घालतात. कूपेवाल्याला प्रत्येक डाव्या वळणामागे एक उजवे वळण फुकट मिळते.

दोन गोष्टी मनाशी ठेवाव्यात. एक, टर्नपाइकवरची ताशी ६५ मैलांची मर्यादा तिसऱ्या गिअरमध्येच संपते आणि उरलेले तीन गिअर पेट्रोल वाचवायला ठेवलेले आहेत. दोन, आत ऐकू येणाऱ्या इंजिनाच्या गर्जनेत स्पीकरचाही वाटा आहे. ही सोय दोन्ही गाड्यांत आहे, त्यामुळे निवडीवर परिणाम होत नाही.

पायरी ३: व्यवहाराच्या चाचण्या

*मागची सीट.* कायद्याने दोन माणसांची. पाय ठेवायला २९.९ इंच, तेही पुढचा माणूस समंजस असेल तर. मुलांच्या कार सीट लावण्याची सोय आहे. सासऱ्यांना लावण्याची नाही. छप्पर जमिनीपासून १.३ मीटरवर असल्याने गुडघेदुखीच्या माणसाने आत बसणे हा प्रवास नसून आसन आहे. सासूबाई-सासरे नेवार्कला उतरतील तेव्हा घरातली मोठी गाडी, म्हणजे सीआर-व्ही, न्यावी.

*डिकी.* ६.३ घनफूट. नेवार्कहून येणाऱ्या २३ किलोच्या बॅगांपैकी एक मावते. उरलेल्या तीन सीआर-व्हीत. पण मागची सीट पाडली की चार टायर बसतात, आणि ते योगायोगाने नाही. रेसट्रॅकवर सुटे टायर नेता यावेत म्हणून टोयोटाने मुद्दाम तेवढी जागा राखली. डिकीचे माप घेताना अभियंत्यांच्या डोळ्यांपुढे माणूस होता, फक्त त्याला कुटुंब नव्हते.

*ओक ट्री रोडवरची देशी खरेदी.* तांदळाची २० पौंडांची पिशवी, आशीर्वाद आटा, दोन शहाळी, कढीपत्ता: सगळे मावते. मिक्सर घेतला तर कढीपत्ता मांडीवर.

*गणपती.* मूर्ती पुढच्या सीटवर, बेल्ट लावून. आरास, पाट आणि बायको मागून सीआर-व्हीत.

*हिवाळा.* बीआरझेड ही अमेरिकेत मिळणारी एकमेव सुबारू आहे जी फक्त मागच्या चाकांवर चालते. म्हणजे बर्फासाठी नावाजलेल्या कंपनीची, बर्फाला घाबरणारी गाडी. महागड्या प्रकारांत १८ इंची चाकांवर मिशलिन पायलट स्पोर्ट ४ टायर येतात. ते उन्हाळी आहेत, थंडीत त्यांचे रबर कडक होते आणि पकड सुटते. हिवाळी टायरांचा दुसरा संच घ्यावा. तो डिकीत मावतो, हे आपण पाहिलेच. बर्फ पडत असताना सीआर-व्ही न्यावी.

*पेट्रोल.* प्रीमियमच. मॅन्युअलला सरकारी मोजमापाने सरासरी गॅलनला २२ मैल, म्हणजे लिटरला साडेनऊ किलोमीटरच्या आत. हा आकडा भारतातल्या वडिलांना फोनवर सांगू नये.

सर्व चाचण्यांचा निष्कर्ष स्पष्ट आहे. दोन्ही कूपे रोजच्या वापराला अगदी व्यवहारी आहेत. अट एकच, दारात सीआर-व्ही हवी.

पायरी ४: एक्सेल

आपण अभियंते आहोत, भावनेच्या भरात गाडी घेत नाही. शीट उघडावी. उभ्या रकान्यात निकष, आडव्या ओळीत दोन गाड्या, तिसरी ‘आणखी एक सीआर-व्ही’. प्रत्येक निकषाला महत्त्वाप्रमाणे गुण द्यावेत आणि बेरीज करावी. सीआर-व्ही पहिली येईल. घाबरू नये, ही शीटची पहिली आवृत्ती आहे. ‘मागची सीट’ हा निकष २० वरून ५ वर आणावा व त्याचे नाव ‘जादा सामानाची जागा’ असे करावे. ‘मालकाचे मनःस्वास्थ्य’ असा नवा निकष घालून त्याला ३० द्यावेत. आता बेरीज पाहावी. आकडे खोटे बोलत नाहीत, त्यांना फक्त नीट बसवावे लागते.

पायरी ५: घरात मांडणी

मुलाला आधी फोडावे. त्याला ‘इनिशियल डी’ हा जपानी मांगा दाखवावा. त्यातला कोवळा नायक वडिलांच्या दुकानातला टोफू रोज पहाटे घाटातून पोचवतो, तो जीआर८६ ची पूर्वज टोयोटा एई८६ घेऊन. कपातले पाणी सांडू न देता. खानदानी पेशाच माल पोचवण्याचा असलेल्या गाडीला अव्यवहारी कसे म्हणणार?

आईवडिलांसाठी वेगळे हत्यार आहे. अमेरिकेत नवी जीआर८६ घेणाऱ्याला टोयोटा वर्षभराचे ‘नासा’चे सदस्यत्व आणि ट्रॅकवर एक दिवसाचे प्रशिक्षण देते. ही नासा म्हणजे नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन. पण मिरजेला फोन करताना एवढा विस्तार कशाला? ‘बाबा, नासाचं सदस्यत्व मिळालंय’ इतके पुरे. संध्याकाळपर्यंत गल्लीत पेढे वाटून होतात, आणि मायलेज कुणी विचारत नाही.

पायरी ६: निर्णय

आता गांभीर्याने. मिलव्हिलच्या न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्कवर वर्षातून दोन-तीनदा खरोखर जाणार असाल, तर जीआर८६ घ्यावी. तिची सैल शेपूट तिथे गुण ठरते. ओल्या रॅम्पवरून कामावर जायचे असेल, तर बीआरझेडचा शांत स्वभाव बरा. मॅन्युअल हवी आणि अडथळा दिसल्यावर आपोआप ब्रेक मारणारी यंत्रणाही हवी, तर २०२४ किंवा नंतरचे मॉडेल पाहावे. आधी ती फक्त ऑटोमॅटिकला होती. बाकी सगळे सारखेच वाटत असेल, तर जो डीलर छापील किमतीवर वरकड मागणार नाही, त्याची गाडी ही श्रेष्ठ गाडी.

इशारा

व्यवहार्यता सिद्ध करावी, पण बेताने. एक्सेलमध्ये ‘रोजच्या ये-जा करण्यास उत्तम’ अशी ओळ असेल, तर मांडणीआधी ती काढून टाकावी. अन्यथा बायकोशी पुढील संवाद संभवतो.

“रोजच्या वापराला इतकी चांगली आहे?”

“एकदम.”

“मग रोज मीच नेते. मला स्टेशनपर्यंतच तर जायचंय. तू सीआर-व्ही घे. मुलांचं स्विमिंग, तबला, कॉस्टको सगळं तिच्यातच बसतं, तूच लिहिलंयस ना?”

यावर ‘अगं, पण ती मॅन्युअल आहे’ हे अस्त्र काढू नये. ती साताऱ्याला वडिलांच्या मारुती ८०० वर, यवतेश्वरच्या घाटात गाडी शिकली आहे. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरणे तिला तुमच्याआधीपासून येते. किल्ली द्यावी, आणि तबल्याचा क्लास किती वाजता सुटतो ते विचारून घ्यावे.