गरम नळाची हवा काढण्याचा शास्त्रोक्त विधी

पहाटे सोलरचा नळ उघडावा आणि पाण्याऐवजी त्याने फुर्र, खळ्, फुस्स असा दमेकऱ्यासारखा आवाज काढावा, म्हणजे समजावं: लाइनीत हवा अडकली. छत्रपती संभाजीनगरात नळ रोज येत नाहीत. जायकवाडी धरण काठोकाठ भरलेलं असलं तरी आमच्या सिडकोतल्या गच्चीवरची टाकी अधूनमधून तळ दाखवतेच, आणि पाणी उतरलं की पाइपात हवा शिरते. पुढे नळ आले, टाकी भरली, तरी पाइपाच्या कमानीत ती मुक्काम ठोकून बसते.

आधी निदान. गार नळ धो-धो, खालच्या मजल्याचा गरमही चालू, फक्त वरचा मुका? हवाच. सगळेच मुके असतील तर हे वाचणं थांबवून टँकरवाल्याला फोन लावावा.

त्यानंतर घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला घ्यावा. न घेतला तरी मिळतो. आमचे काका पान्याने पाइप ठोकतात.

खरा इलाज असा. मिक्सरचं तोंड अंगठ्याने गच्च दाबून गार-गरम दोन्ही चाव्या पूर्ण सोडाव्यात. गार पाणी उलटं गरम लाइनीत घुसतं आणि हवेला वर रेटतं. गच्चीवरच्या, हवा सोडणाऱ्या उभ्या नळीतून गुळण्यांचा आवाज आला की काम झालं. तो ऐकायला एक माणूस वर ठेवावा. तो काय ओरडतो ते खाली कळत नाही, पण ठेवावा. अंगठा काढल्यावर हात नळाखाली धरू नये. आधी गार येतं आणि मग बेसावध क्षणी चटका बसतो. आणखी एक: सोलरच्या काचेच्या नळ्या रिकाम्या तापल्या असतील, तर भर दुपारी त्यांत गार पाणी सोडू नये. तडकतात.

ती उभी नळी टाकीहून उंच आणि तोंडाने उघडी हवी. सतराव्या शतकात निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने याच शहरात जमिनीखालून पाण्याची नहर आणली, तेव्हा तिच्या वाटेवर हवेसाठी मनोरे ठेवले होते. आमच्या मिस्तरीने मात्र चिमणी पडेल म्हणून नळीला बूच ठोकलेलं. ते काढलं, अंगठा दाबला, दोन मिनिटांत वाफाळतं पाणी आलं. काका तोवर गॅसवर पातेलं तापवून अंघोळ उरकून बसले होते. हवा पाइप ठोकल्यानेच गेली, असं त्यांनी शेजारी सांगूनही टाकलं होतं.