उत्साहात साजरा

आपल्याकडं कार्यक्रम दोनच प्रकारचे होतात. एक उत्साहात साजरा होतो आणि दुसरा मोठ्या उत्साहात. कसाबसा उरकलेला कार्यक्रमही गावोगाव होत असणारच, पण तो पेपरात मी आजवर वाचलेला नाही. यामागचं गुपित मला आमच्या वाचनालयाचा प्रसिद्धीप्रमुख झाल्यावर उलगडलं.

हे पद वाचनालयाच्या घटनेत नव्हतं. तिथं अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्यवाह, कोषाध्यक्ष आणि सदस्य, बस्स. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन गावी आलो आणि पहिल्याच वार्षिक सभेत मी सूचना फलकावरच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोठ्यानं वाचून दाखवल्या. मला खाली बसवण्यासाठी सभेनं तिथल्या तिथं नवं पद काढलं. अनुमोदनाला सगळ्यांचे हात वर झाले. एवढं एकमत त्याआधी फक्त चहा मागवण्यावर झालं होतं म्हणे. मी मात्र घरी येऊन बायकोला सांगितलं, "एकमतानं निवड झाली." ती म्हणाली, "पगार किती?"

गाव परभणी जिल्ह्यातलं आहे. नाव सांगत नाही, कारण पुढं जे घडलं त्यात गावाचा काही दोष नाही. वाचनालय 'ड' वर्गातलं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालच्या नियमांनी वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडले. त्यातलं शेवटचं अक्षर आमच्या वाट्याला आलं आणि आम्ही ते निष्ठेनं सांभाळलंय. 'ड' वर्गाचं वर्षाचं अनुदान तीस हजार होतं, मध्यंतरी साठ टक्के वाढ होऊन ते अठ्ठेचाळीस हजार झालं. त्यात पुस्तकं, पेपर, लाईटबिल आणि ग्रंथपालाचा पगार. ग्रंथपाल म्हणजे आमचे आबा. देवघेव, झाडलोट, दाखल नोंदवही आणि भांडणं सोडवणं ही चारही खाती त्यांच्याकडं.

तशा तिथं बातम्या रोज घडतात. रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर 'खुनी दिवाणजी आहे' असं पेन्सिलीनं लिहिणारा अजून सापडलेला नाही. पेपरचं मधलं पान कोण आधी घेणार यावरून दोन निवृत्त गुरुजी वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. सुतारआळीतली एक आजी नातवाच्या हाती चिठ्ठी पाठवते, 'रडकी नको, मोठ्या अक्षरातली द्या', आणि आबा कपाटासमोर उभे राहून अक्षराची उंची बघत पुस्तक निवडतात. पण याला बातमी म्हणत नाहीत हे मला पद मिळताच कळलं. बातमीला दीपप्रज्वलन लागतं.

म्हणून मी वाचन प्रेरणा दिन हाती घेतला. डॉ. कलामांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर. २०१५ पासून तो राज्यभर साजरा होतो. शिवाय कार्यक्रमाचं कात्रण फायलीला लावलं की तपासणीच्या वेळी साहेबांसमोर ठेवायला काहीतरी असतं. मी बेत आखला तो असा: सकाळी ग्रंथदिंडी, विठ्ठल मंदिरातली पालखी, तीत पुस्तकं, शाळेचं लेझीम पथक, मग परभणीहून येणाऱ्या एका कवींचं व्याख्यान. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "साहेब, पंधरा तारखेला सोयाबीन कुठं असतंय?"

मी म्हणालो, "सोयाबीनचा इथं काय संबंध?"

आयुष्यभर कालव्याच्या पाण्याच्या टिपण्या लिहिलेल्या माणसाचं हे वाक्य. ऑक्टोबरच्या मध्यावर आमच्याकडं सोयाबीन कापून सुडी घातलेली असते, मळणीयंत्राला नंबर लागलेले असतात आणि वर परतीचा पाऊस दबा धरून असतो. त्या आठवड्यात माणूस स्वतःच्या लग्नालाही तारीख देत नाही.

फ्लेक्स मात्र मी दणक्यात केला. वर कलाम, मध्ये कार्यकारिणी आणि खाली उजव्या कोपऱ्यात मी, हात जोडून. फोटो इतरांपेक्षा जरा मोठा आला, तो दुकानातल्या पोराच्या हातून. त्यानं विचारलं, "काका, खाली भावी सरपंच टाकू का?" मी नको म्हणालो. पण लगेच म्हणालो नाही, हेही खरं.

आता बातमी. आमचा बातमीदार म्हणाला, "प्रेसनोट आदल्या रात्रीच द्या. उद्या माझंच सोयाबीन आहे." मला यात गैर काही वाटलं नाही. कार्यक्रम माझाच, तो कसा होणार हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? बसलो आणि लिहिलं. 'ग्रंथदिंडीने गाव दुमदुमले.' 'मान्यवरांच्या हस्ते प्रतिमापूजन.' प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाचा गोषवाराही लिहिला. त्यांच्या तोंडी चांगले विचार घातले, म्हणजे माझेच. उपस्थितांची नावं कुठून आणायची? गेल्या वर्षीच्या कात्रणावरून उतरवून घेतली. नऊ वाजता प्रेसनोट गेली, दहा वाजता मी समाधानानं झोपलो आणि पहाटे चारला पत्र्यावर पाऊस वाजायला लागला.

सकाळी सात वाजता गावात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि शिवारात सगळं गाव होतं. ज्याला जे सापडेल ते घेऊन माणसं सुडीकडं पळाली होती. अध्यक्ष वाचनालयाची ताडपत्री घेऊन गेले होते. ही ताडपत्री एरवी आमच्या स्लॅबवर असते, कपाटांच्या बरोबर वर. मुख्याध्यापकांचा फोन आला, लेझीमची पोरं आईबापांबरोबर रानात गेलीत. मग पाहुण्यांचा आला. मोठा संवेदनशील कवी. म्हणाले, "सर, शब्द दिला होता, पण माझी सुडी उघडी हाय." प्राध्यापक असले तरी गावाकडं दहा एकर आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

वाचनालयात आबा होते, अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणारी तीन पोरं होती आणि कादंबरीचा दुसरा भाग आलाय का हे विचारायला स्वतः आलेली ती आजी होती. लाईट गेलेली. मी विचार केला, बातमी गेलेली आहे, निदान प्रास्ताविक तरी खरं असू द्यावं. कागद काढला आणि उभा राहिलो.

प्रास्ताविक चांगलं होतं, अजूनही म्हणतो. सुरुवात निजामी राजवटीपासून. सभा घ्यायला सरकारी परवानगी लागायची त्या काळात वाचनालय हे चार माणसांनी एकत्र बसायचं ठिकाण होतं. मग हैदराबाद राज्याचा १९५५ चा ग्रंथालय कायदा, कारण १९५६ पर्यंत परभणी त्याच राज्यात. मग सातोन्याला जन्मलेले आणि परभणीत बांधकाम खात्यात कारकुनी करता करता कविता-कादंबऱ्या लिहिणारे बी. रघुनाथ, जे १९५३ साली चाळिशीतच गेले. (ते खातं आणि माझं खातं शेजारशेजारचंच. त्यांनी कारकुनीत साहित्य लिहिलं, मी निवृत्तीत प्रेसनोट लिहिली. हे प्रास्ताविकात नव्हतं, बोलताना मनात आलं.) मग १९९५ चं परभणीचं साहित्य संमेलन, अध्यक्ष नारायण सुर्वे. शेवटी रंगनाथन आणि त्यांची ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री, साल १९३१.

मान वर करून पाहतो तर तिन्ही पोरं भराभर लिहून घेत होती. माझा ऊर भरून आला. इतक्यात एकानं हात वर केला. "सर, पंचावन्न म्हणलात का छप्पन? ऑप्शनला येऊ शकतंय." दुसरा म्हणाला, "कलामांचा जन्म पण एकतीसचाच की. जोड्या लावामध्ये बसतंय." आजी म्हणाली, "दुसऱ्या भागाचं काय ते सांगा आधी."

पाचव्या सूत्रावर आलो होतो, ग्रंथालय ही वाढणारी गोष्ट आहे, तेव्हा आबा म्हणाले, "साहेब, ते सगळं खरं, पण वरून गळायलंय."

तिसऱ्या कपाटाच्या वरच्या कोपऱ्यात ओल उतरत होती. तिथं चरित्रं. आबांनी कपाटाला खांदा लावला, पण भरलेलं कपाट हलतंय कशाला. मग पोरं उठली. रांग करून पुस्तकं हातोहात अभ्यासिकेच्या टेबलावर, भिजलेली वेगळी, कोरडी वेगळी. आजी पदरानं पुठ्ठे पुसत होती आणि पुसता पुसता नावं वाचत होती. मला त्यांनी रांगेत घेतलं नाही, कारण मी प्रत्येक पुस्तक उघडून बघतो आणि मागची रांग खोळंबते. उरलेल्या कपाटांवर काय घालायचं? प्लास्टिक नाही, ताडपत्री सोयाबीनवर. आबांनी दारावरचा फ्लेक्स पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. मी काही बोलायच्या आत दोऱ्या तुटल्या होत्या. दहा बाय सहाचा फ्लेक्स दोन कपाटांवर बरोबर बसला. ठिबकणारं पाणी उजव्या कोपऱ्यात पडत होतं, हात जोडलेल्या माणसाच्या कपाळावर. आयुष्यात पहिल्यांदाच पाणी मी सांगितलेल्या जागी पडलं.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. माझ्या मजकुरात बातमीदारानं स्वतःची भर घातली होती. 'पावसाची तमा न बाळगता वाचकांची अलोट गर्दी.' फोटो गेल्या वर्षीचा, कडक उन्हातला.

दुपारपर्यंत परिणाम दिसू लागले. उपाध्यक्ष मेव्हण्याच्या मळणीला जायचं टाळण्यासाठी 'नांदेडला दवाखान्यात आहे' असं कळवून घरात बसले होते. पेपरात त्यांनी दीपप्रज्वलन केलं होतं. मेव्हण्यानं कात्रण व्हॉट्सॲपवर सगळ्या भावकीला पाठवलं. पाहुण्या कवींचा फोन आला. मी माफीची वाक्यं जुळवत होतो, पण त्यांचा सूर खुशीत होता. "माझं भाषण फार चांगलं झालंय हो. तो कागद पाठवता का? पुढच्या आठवड्यात मानवतला कार्यक्रम आहे." मी पाठवला. तिथं म्हणे टाळ्या पडल्या.

संध्याकाळी वाचनालयाच्या दारात एक तरुण येऊन उभा राहिला. हातात पेपर. 'आण्णांनी आभार मानले' या ओळीवर त्याचं बोट होतं. आण्णा म्हणजे त्याचे वडील, आमचे जुने सदस्य. दरवर्षी आभार तेच मानायचे आणि ते भाषण मूळ व्याख्यानापेक्षा लांबायचं. श्रावणात ते वारले होते, मी स्वतः मातीला गेलो होतो, आणि तरीही गेल्या वर्षीच्या कात्रणावरून त्यांचं नाव जसंच्या तसं उतरवलं होतं. पोरगा म्हणाला, "काय बोलले आण्णा?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. आबांनी नोंदवहीतून मान वर केली नाही. "थोडक्यात बोलले," ते म्हणाले. "नेहमीपेक्षा लईच थोडक्यात."

पोरगा क्षणभर बघत राहिला आणि मग असा हसला की अभ्यासिकेतली पोरं उठून बाहेर आली. जाताना त्यानं आण्णांची राहिलेली वर्गणी भरली. आण्णांकडं आमची किती पुस्तकं आहेत हे विचारलं. आबांनी नोंदवही न उघडता सांगितलं, "सात. एक दाते पंचांग, ते राहू द्या."

त्या रात्री मी दुसरी प्रेसनोट लिहिली. घडल्यानंतर लिहिलेली माझी ही पहिलीच. पावसात तीन पोरांनी, एका आजीनं आणि ग्रंथपालानं तिसरं कपाट कसं रिकामं केलं, चरित्रं कशी वाचली, फक्त पाच-सहा भिजली आणि तीही दुसऱ्या दिवशी ओट्यावर पानं उघडून कशी वाळत घातली, सगळं. एकही विशेषण नाही, वाटल्यास ऱ्हस्व-दीर्घ तपासा. बातमीदारानं वाचली आणि विचारलं, "काका, यात बातमी काय आहे? आणि फोटो कुणाचा टाकायचा?" मी फ्लेक्स सुचवला. तो म्हणाला, तुमचा फोटो एका आठवड्यात दोनदा येऊ शकत नाही, लोक निवडणुकीचं समजतील.

'बनी तो बनी, नही तो परभणी' असं आमच्याकडची माणसं स्वतःवरच हसत म्हणतात. कार्यकारिणीनं माझ्या बाबतीत तेच धोरण ठेवलं. राजीनामा मागितला नाही, फक्त ठराव केला की प्रसिद्धीप्रमुखांनी यापुढे हयात व्यक्तींची यादी आबांकडून तपासून घ्यावी. कात्रण फायलीला लागलं. पुढच्या वर्षीचा कार्यक्रम १२ ऑगस्टला घ्यायचं ठरलं, रंगनाथनांच्या जयंतीला, ग्रंथपाल दिनाच्या निमित्तानं. तेव्हा सोयाबीन उभं असतं आणि माणसं मोकळी. ही सूचना आबांची. सत्कार कुणाचा हे ठरलंय, पण त्यांना सांगितलेलं नाही, नाहीतर ते त्या दिवशी रजा टाकतील.

या रस्त्यानं गेलात तर जरूर या. आमचं वाचनालय सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं. वर्गणी महिना वीस रुपये, सोयाबीन विकल्यावर एकदम दिली तरी चालते. त्या कादंबरीचा दुसरा भाग कुणाच्या घरी असेल तर आणून द्या, आजी रोज विचारते. आणि एखादी जुनी ताडपत्री असेल तर तीही आणा. दात्यांची नावं यापुढे मी लिहिणार नाही, आबा लिहितात.